अमेरिकेत फिरताना कृष्णवर्णीय मालकांची रेस्टॉरंट आणि कॅफे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील, नुकते शिकायला आलेले विद्यार्थी, ऑफिसच्या कामातून दोन दिवस काढणारी मंडळी अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. एकाच गोष्टीची दोनदा उजळणी नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हॉटेलांच्या वेळा आणि पत्ते बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्या दिवशीची वेळ फोन करून किंवा नकाशावर बघून घ्या.

1. 'ब्लॅक-ओन्ड' म्हणजे नक्की काय? मालक काळा असला की झालं?

साधारण तेच. मोठ्या कंपन्यांची किंवा सरकारी कामं मिळवायला जी प्रमाणपत्रं लागतात, त्यांत किमान 51 टक्के मालकी त्या समाजातल्या माणसाकडे असावी लागते आणि कारभारही त्याच्याच हातात लागतो. कोपऱ्यावरच्या खानावळीकडे असलं प्रमाणपत्र बहुधा नसतं, आणि तिचं त्यावाचून अडतही नाही. तिसरी पिढी गल्ल्यावर बसलेली असते, गिऱ्हाईक तिला नावाने हाक मारत असतं.

पदार्थांचा यात संबंध नाही. कृष्णवर्णीय मालकाचं पिझ्झाचं दुकान असू शकतं आणि बाहेर 'सोल फूड' (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दक्षिणेकडचं घरगुती जेवण) अशी पाटी असलेलं हॉटेल भलत्याच कंपनीचं निघू शकतं. भागीदारीतली गुंतागुंत प्रश्न 15 मध्ये आहे.

2. पण मालकाचा रंग बघून जेवायला जायचं, ही उलटी जातपात नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि थोडा रागानेच येतो. उत्तर इतिहासात आहे.

1936 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने एक छोटी पुस्तिका छापली. काळ्या माणसाने गाडी काढून प्रवासाला निघायचं तर कुठे जेवण मिळेल, कुठे रात्री खोली मिळेल, कुठल्या पंपावर अपमान न होता पेट्रोल भरून मिळेल याची ती यादी होती. 'ग्रीन बुक' म्हणून ती ओळखली गेली आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिली. यादीची गरज होती, कारण दक्षिणेत कायद्यानेच गोऱ्यांची आणि काळ्यांची टेबलं वेगळी होती, आणि उत्तरेत कायदा नसला तरी दार बंदच असे. 1 फेब्रुवारी 1960 ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. 1927 चं चवदार तळं आणि चहाच्या टपरीवर बाहेर टांगलेला वेगळा कप ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यापुढे फार समजावून सांगायला नको.

1964 च्या नागरी हक्क कायद्याने दारं उघडली. गंमत अशी की त्याने या हॉटेलांचं हक्काचं गिऱ्हाईकही विखुरलं, कारण आता कुठेही जाता येत होतं. पाठोपाठ अनेक शहरांत महामार्ग नेमके काळ्यांच्या वस्त्यांमधून गेले. न्यू ऑर्लिन्सच्या क्लेबोर्न अव्हेन्यूवरची ओळीने उभी असलेली ओकची झाडं पाडून वर उड्डाणरस्ता बांधला गेला, आणि त्याखालचा बाजार गेला तो गेलाच. एवढं सोसून जी हॉटेलं आजही चालू आहेत ती हाताच्या चवीवर चालू आहेत. मी तिथे जा म्हणते ती त्या चवीसाठी. कुणावर उपकार करायच्या भावनेने जाणार असाल तर घरीच जेवलेलं बरं.

3. अशी ठिकाणं शोधायची कशी?

गूगलच्या नकाशावर आणि येल्पवर 2020 पासून 'ब्लॅक-ओन्ड' अशी खूण दिसते. ती मालक स्वतः लावतो, त्यामुळे जुन्याजाणत्या हॉटेलांवर ती नसण्याची शक्यता भरपूर. सत्तर वर्षांच्या आजीबाई गूगलवर जाऊन खुणा लावत बसत नाहीत. ईटओक्रा नावाचं ॲप खास याच कामासाठी 2016 मध्ये ब्रुकलिनच्या एका जोडप्याने सुरू केलं, ते मोफत आहे.

माझा स्वतःचा भरवसा मात्र उबर-लिफ्टच्या ड्रायव्हरवर. "रविवारी चर्चनंतर तुमच्या घरचे कुठे जेवतात?" एवढं विचारायचं. "चांगलं हॉटेल सांगा" म्हटलं तर ते पर्यटकांचं हॉटेल सांगतात.

4. पहिल्यांदाच जातोय. काय मागवावं?

दक्षिणेकडच्या पद्धतीची खानावळ असेल तर हिशोब सोपा असतो: एक मांसाचा पदार्थ आणि दोन किंवा तीन 'साइड', सोबत कॉर्नब्रेड. काउंटरपाशी रांग सरकते, काचेमागे वाफाळते ट्रे, मोठा डाव हातात घेतलेली बाई "व्हॉट्स युअर सेकंड साइड, बेबी?" असं विचारते. त्या 'बेबी'ने गोंधळून जाऊ नका, तिथे सगळेच बेबी, हनी आणि डार्लिन असतात. मागे लोक थांबलेले असतात, म्हणून रांगेत असतानाच फळ्यावरून ठरवून ठेवा.

पहिल्या ताटात तळलेलं चिकन, कोलार्ड ग्रीन्स (जाड पानांची भाजी, तासभर तरी शिजवलेली), मॅक अँड चीज आणि कँडिड यॅम्स म्हणजे साखर-लोण्यात शिजवलेली रताळी. जमलं तर चवळी घ्या. हो, आपलीच चवळी. ती आणि भेंडी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत पोहोचली. नवीन वर्षाच्या दिवशी चवळी-भात खाल्ला की वर्ष बरकतीचं जातं अशी दक्षिणेत समजूत आहे. शेवटी पीच कॉबलर किंवा रताळ्याचा पाय. आइस टी मागितलात तर 'स्वीट' की 'अनस्वीट' ते सांगा, स्वीट म्हणजे पाकच असतो.

5. आम्ही पूर्ण शाकाहारी. आमच्यासाठी काही आहे का?

आहे, पण ताटाकडे बघून ठरवू नका. कोलार्ड ग्रीन्समध्ये पारंपरिक पद्धतीने डुकराच्या पायाचा तुकडा किंवा स्मोक्ड टर्की घालतात. चवळी आणि राजम्याचंही तेच. कॉर्नब्रेड काही ठिकाणी बेकनच्या चरबीत भाजतात. "व्हेजिटेबल प्लेट" असं मेनूवर लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ चार साइड एवढाच असतो. त्यात मांस नाही असं नव्हे. विचारताना "इज इट व्हेजिटेरियन?" असं मोघम विचारू नका. "ग्रीन्समध्ये पोर्क आहे का, टर्की आहे का, चिकनचं पाणी आहे का?" असं तीनदा तोडून विचारा. कुणी रागावत नाही.

दुसरा रस्ता जास्त चांगला. कृष्णवर्णीय अमेरिकेत शाकाहाराची स्वतःची जुनी परंपरा आहे, काही धार्मिक चळवळींतून आलेली, काही जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या 'आयटल' म्हणजे सात्त्विक जेवणातून. शिकागोच्या 75 व्या रस्त्यावरचं ओरिजिनल सोल व्हेजिटेरियन 1980 च्या दशकापासून विनामांस बार्बेक्यू विकतंय. अटलांटात 2018 साली पिंकी कोल यांनी स्लटी व्हीगन नावाने बर्गर सुरू केले. नाव सासूसासऱ्यांसमोर उच्चारायला अवघड आहे, बर्गर मात्र पूर्ण वनस्पतिजन्य. इथिओपियन जेवणाबद्दल प्रश्न 11 बघा, शाकाहाऱ्यांना मी आधी तिकडेच पाठवते.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र खरं सांगते: या स्वयंपाकात कांद्यावाचून पान हलत नाही. फळं आणि कॉर्नब्रेडवर किती दिवस काढणार?

6. चिकन खातो, पण बीफ आणि पोर्क नाही. अडचण येईल का?

चिकन आणि मासे जवळजवळ सगळीकडे असतात, तळलेला कॅटफिश तर हमखास. भाजीतल्या पोर्कबद्दल प्रश्न 5 मधलाच सल्ला. बऱ्याच स्वयंपाकघरांनी धर्मामुळे किंवा तब्येतीसाठी पोर्क सोडून स्मोक्ड टर्की धरली आहे, आणि ते तसं पाटीवर अभिमानाने लिहितात. बार्बेक्यूच्या दुकानात सॉसेजपासून सावध, त्यात बहुधा दोन्ही एकत्र असतात. तळणीचं तेल वेगळं असावं असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी तळलेलं टाळावं. कढई एकच असते.

7. न्यूयॉर्कला फक्त एक दिवस आहे. कुठे जाऊ?

हार्लेमला. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा अर्धपुतळा बघायला आपली माणसं आवर्जून जातात. 1913 ते 1916 ते तिथे शिकले. तिथून मॉर्निंगसाइड पार्कच्या पायऱ्या उतरलं की हार्लेम सुरू होतं आणि अर्ध्या तासात पायी लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या सिल्व्हियाजपर्यंत पोहोचता येतं.

सिल्व्हिया वुड्स साउथ कॅरोलायनातल्या हेमिंग्वे नावाच्या खेड्यातल्या. न्यूयॉर्कमध्ये एका छोट्या जेवणघरात वेट्रेस होत्या. 1962 मध्ये मालकाने ते विकायला काढलं तेव्हा गावी आईने शेत गहाण टाकलं आणि सिल्व्हियाबाईंनी ते विकत घेतलं. 2012 मध्ये त्या गेल्या, हॉटेल घरच्यांकडेच आहे. गर्दी पर्यटकांचीही असते, त्यामुळे "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" असं सांगणारे भेटतील. तळलेलं चिकन आणि ग्रीन्स घ्या आणि त्यांना सांगू द्या.

जवळच रेड रूस्टर आहे, 2010 पासून. त्याचे मार्कस सॅम्युएलसन इथिओपियात जन्मले, स्वीडनमध्ये दत्तक वाढले. तिथे थाट जास्त, बिलही जास्त. संध्याकाळ लिंकन सेंटरला जात असेल तर क्वामे ऑनवुआची यांचं टाटियाना तिथेच आहे. त्याचं टेबल मात्र आधीपासून धरावं लागतं, आयत्या वेळी जाऊन काही मिळत नाही.

8. वॉशिंग्टनमधलं बेन्स चिली बोल खरंच एका भारतीयाने काढलं का?

अर्धंमुर्धं खरं आहे. बेन अली यांचा जन्म त्रिनिदादचा, घराणं भारतीय वंशाचं मुस्लीम. दंतवैद्य व्हायला ते हॉवर्ड विद्यापीठात आले होते, पण पडून झालेल्या दुखापतीने ते राहिलं. त्यांनी आणि व्हर्जिनिया रॉलिन्स यांनी 22 ऑगस्ट 1958 ला यू स्ट्रीटवर एका जुन्या मूकपटाच्या थिएटरच्या जागेत हे दुकान उघडलं आणि त्याच वर्षी लग्न केलं. व्हर्जिनिया आफ्रिकन-अमेरिकन. दुकान सुरुवातीपासून त्या वस्तीचं, आणि आज त्यांच्या मुलांचं. म्हणून यादीत धरायचंच.

1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेव्हा यू स्ट्रीट पेटला. संचारबंदीत बेन्सला खास परवानगी होती, आंदोलक आणि पोलीस दोघेही तिथेच खात होते. त्यानंतर रस्ता उजाड झाला. 1980 च्या दशकात मेट्रोच्या खोदकामाने दुकानासमोर खड्डाच होता, तरी शटर पडलं नाही. 1991 मध्ये स्टेशन उघडलं, आता बाहेर पडलं की समोरच बेन्स.

त्यांची ओळख असलेलं हाफ-स्मोक हे सॉसेज पोर्क-बीफचं असतं. बेन अली स्वतः मुस्लीम असल्याने पोर्क खात नसत, ही त्यातली मौज. शाकाहाऱ्यांना व्हेज चिली (राजम्याची दाट, मसालेदार उसळ) मिळते.

9. दक्षिणेत गाडीने फिरणार आहोत. रस्ता कसा आखू?

अटलांटा, मॉन्टगोमेरी, न्यू ऑर्लिन्स हा रस्ता मी सगळ्यांना सुचवते. चार-पाच दिवस हवेत.

अटलांटात पास्कल्स आणि बिझी बी, दोन्ही 1947 ची. पास्कल बंधूंच्या हॉटेलात किंग आणि त्यांचे सहकारी बसून मोर्चे आखायचे. तुरुंगातून सुटलेल्या पोरांना रात्री तिथे फुकट जेवण मिळायचं. आता ते मूळ जागेत नाही, नॉर्थसाइड ड्राइव्हवर मोठ्या वास्तूत आहे, ऐसपैस आहे, म्हातारी माणसं बरोबर असतील तर सोयीचं. चव विचाराल तर माझं मत बिझी बीला. जागा मुठीएवढी, रांग रस्त्यावर येते. चिकनचं आवरण पातळ, कुरकुरीत, आत मीठ मुरलेलं. 2022 मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा (अमेरिकेतल्या हॉटेलांना मोठे पुरस्कार देणारी संस्था) 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला.

मॉन्टगोमेरीत जे सगळ्यात बघण्यासारखं जेवणघर होतं ते एका बाईच्या घरात होतं. 1955 मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्यांचा बस-बहिष्कार सुरू झाला तेव्हा जॉर्जिया गिल्मोर यांनी शेजारणींना गोळा करून सँडविच, तळलेलं चिकन, केक, पाय विकायला सुरुवात केली. पैसे बहिष्काराच्या गाड्यांच्या पेट्रोलला जायचे. पैसे कुठून आले असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुठूनच नाही", म्हणून त्या गटाचं नावच पडलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. कोर्टात साक्ष दिली म्हणून त्यांची कॅफेटेरियातली नोकरी गेली, तेव्हा किंग यांनी त्यांना घरातच खानावळ काढायला पाठबळ दिलं. आज तिथे जेवण नाही, माहितीचा फलक आहे. जेवायला ब्रेंडाज बार-बी-क्यू पिट, 1942 पासूनचं.

न्यू ऑर्लिन्समध्ये डूकी चेज. 1941 मध्ये सुरू झालं, लिया चेज सून म्हणून आल्या आणि सँडविचच्या दुकानाचं पांढऱ्या टेबलक्लॉथचं हॉटेल केलं. काळे-गोरे एकत्र बसणं बेकायदेशीर होतं तेव्हा वरच्या मजल्यावर ते एकत्र बसून, गम्बो (भातावर वाढतात तो दाट रस्सा) खात बैठका घेत. पोलिसांना ठाऊक होतं, पण आत शिरायची हिंमत त्यांनी केली नाही. लियाबाईंनी ओबामांनाही गम्बो चाखण्याआधी त्यात हॉट सॉस ओतला म्हणून दटावलं होतं, तेव्हा टेबलावरच्या बाटलीला जपून हात लावा. 2005 च्या कतरिना वादळात हॉटेल पाण्याखाली गेलं, 2007 मध्ये पुन्हा उघडलं. 2019 मध्ये लियाबाई गेल्या. भिंतींवरची कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं बघायला जेवणाआधी थोडा वेळ ठेवा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिथे पालेभाज्यांचा गम्बो असतो, पण नुसत्या पालेभाज्यांचा समजू नका, त्यात मांसही असतं.

त्याच शहरात सेनेगलच्या चवीचं डकार नोला आहे. 2024 मध्ये देशातल्या सर्वोत्तम नव्या रेस्टॉरंटचा जेम्स बिअर्ड पुरस्कार त्याला मिळाला. गम्बो जिथून आला त्या पश्चिम आफ्रिकेची चव कळायला डूकी चेजनंतर दुसऱ्या दिवशी इथे जा, याच क्रमाने.

मेम्फिसकडून वळलात तर 1946 चं द फोर वे.

10. नॅशव्हिलचं हॉट चिकन किती तिखट? आम्हाला झणझणीत चालतं.

तिथेच फसतात. प्रिन्सेस हॉट चिकन हे मूळ दुकान. थॉर्नटन प्रिन्स रात्री उशिरा घरी आले म्हणून त्यांच्या मैत्रिणीने सूड म्हणून चिकनवर तिखट ओतलं, त्यांना ते आवडलं आणि धंदा सुरू झाला, अशी घरातलीच आख्यायिका आहे. 2013 मध्ये यांनाही 'अमेरिकाज क्लासिक्स' मिळालं.

चिकन पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसवर येतं, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. लेप नुसता कोरडा नसतो, लाल मिरचीची पूड गरम चरबीत कालवून फासलेली असते. त्यामुळे ती जिभेवर चिकटून बसते, पाण्याने उतरत नाही. आपल्या तिखटाला नारळ, दाणे, रस्सा, लिंबू काहीतरी आधार असतो, इथे मिरची एकटीच. पहिल्यांदा 'मीडियम' घ्या. 'एक्स-हॉट' घेऊन पैज लावायची असेल तर पुढच्या दिवशी लांबचा गाडीप्रवास ठेवू नका. खालची ब्रेडची स्लाइस टाकू नका, सगळं तेल प्यायलेली तीच चांगली लागते.

शहरात आता हॉट चिकनची चकचकीत दुकानं पुष्कळ आहेत. त्यांतली बरीच गोऱ्या मालकांची आणि प्रिन्स घराण्यापेक्षा जास्त प्रसिद्ध. कुठे रांग लावायची हे तुम्ही ठरवा.

11. इथिओपियन, नायजेरियन, हैतीयन हॉटेलं यात धरायची का?

मालक कृष्णवर्णीय, तेव्हा हो. इतिहास मात्र वेगळा, ही माणसं गेल्या काही दशकांत स्वतःहून किंवा परिस्थितीने इथे आलेली. काही जुने आफ्रिकन-अमेरिकन लोक हा फरक ठासून सांगतात, त्यांच्याशी वाद घालू नये.

वॉशिंग्टनचा यू स्ट्रीट आणि जवळचं सिल्व्हर स्प्रिंग, लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स अव्हेन्यूवरचं 'लिटल इथिओपिया' इथे इथिओपियन जेवण उत्तम मिळतं. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची, जाळीदार, आंबोळीसारखी पण परातीएवढी पोळी. तिच्यावरच सगळ्या भाज्या वाढतात आणि ती तोडूनच खायचं, उजव्या हाताने. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय लांबच्या उपासांत, मांस-दूध-अंडी सोडतात, त्यामुळे मसूर, शिरो (डाळीच्या पिठाचं पिठलंच), कोबी-गाजर, पालेभाजी हे सगळं मुळातच शाकाहारी असतं. 'फास्टिंग' किंवा 'व्हेजी कॉम्बो' मागा. दूध न चालणाऱ्यांनी मसाल्याच्या लोण्याबद्दल विचारून घ्यावं.

हैतीयन जेवणासाठी ऑरेगनच्या पोर्टलंडमधलं कान. ग्रेगरी गुर्डे यांचं हे रेस्टॉरंट 2023 मध्ये देशातलं सर्वोत्तम नवं ठरलं. तिथे दूध आणि ग्लुटेन वापरत नाहीत.

12. नुसती कॉफी प्यायची असेल तर?

फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउनमध्ये अंकल बॉबीज, 2017 पासून. अर्धं कॅफे, अर्धं पुस्तकांचं दुकान. तास-दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. ओकलंडमध्ये रेड बे कॉफी, 2014 साली केबा कोंते यांनी सुरू केलेलं, बिया ते स्वतः भाजतात.

ओकलंडला गेलातच तर एक आठवण ठेवा. ब्लॅक पँथर पक्षाने 1969 मध्ये तिथल्याच एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळचा मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. त्यांच्यावरून नाव घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्याकडे ठाऊक असतं. नाश्त्याचं फारसं नसतं.

13. शिकागो आणि लॉस एंजेलिस?

शिकागोत 75 वा रस्ता. लेम्स बार-बी-क्यूच्या काचेच्या भट्टीतल्या रिब टिप्स (डुकराच्या बरगड्यांच्या टोकांचे तुकडे), प्रश्न 5 मधलं शाकाहारी हॉटेल आणि ब्राउन शुगर बेकरीचा कॅरॅमल केक, तिन्ही त्याच रस्त्यावर. लेम्समध्ये बसायला जागा नाही, गाडीत खायचं. लॉस एंजेलिसमध्ये रॉस्कोज, 1975 पासून चिकन आणि वॉफल एका ताटात. पाक चिकनवरही ओततात, नाकं मुरडू नका, एकदा खाऊन बघा.

14. त्या वस्त्यांमध्ये जाणं सुरक्षित आहे का?

दुपारी जेवायला गेलात तर तुमच्यासारखेच भुकेले लोक रांगेत दिसतील: नर्स, बसड्रायव्हर, वकील, चर्चमधून आलेलं आख्खं कुटुंब. आजूबाजूची रिकामी घरं बघून घाबरायला होतं, पण त्या रिकामेपणामागे दशकानुदशकं कर्ज नाकारणाऱ्या बँका आणि प्रश्न 2 मधले महामार्ग आहेत. सामान गाडीत दिसेल असं ठेवू नका, रात्री उशिरा अनोळखी रस्त्यावर पायी हिंडू नका. हा सल्ला मी कुठल्याही मोठ्या शहरासाठी देईन. "तिकडे कशाला जाता?" असं सांगणाऱ्या नातेवाइकांना ते स्वतः शेवटचे कधी गेले होते ते विचारा. बहुतेक वेळा कधीच नाही, असं उत्तर येतं.

15. शेफ कृष्णवर्णीय, पण पैसा दुसऱ्याचा. मोजायचं का?

जॉर्जियाच्या सव्हाना शहरातल्या द ग्रे चं उदाहरण घ्या. इमारत 1938 च्या ग्रेहाउंड बसस्थानकाची, जिथे काळ्यांची प्रतीक्षागृहं वेगळी होती. 2014 मध्ये तिथे रेस्टॉरंट उघडलं. शेफ मशामा बेली कृष्णवर्णीय आणि भागीदार. दुसरे भागीदार जॉन मोरिसानो गोरे. 2022 मध्ये बेली यांना देशातल्या सर्वोत्तम शेफचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. 51 टक्क्यांचा कागद इथे कुणी तपासत बसत नाही. माझी कसोटी साधी आहे: जिच्या हाताची चव आहे तिला नफ्यातही वाटा आहे का? असेल तर मी धरते. शेफचं नाव पाटीवर पण ती नुसती पगारी, अशा ठिकाणी जेवते, यादीत घालत नाही.

उलट प्रकारही आहे. मिसिसिपीच्या जॅक्सनमधल्या फॅरिश स्ट्रीटवरचं बिग ॲपल इन 1939 मध्ये एका मेक्सिकन माणसाने काढलं. त्याच्या काळ्या वंशजांनी ते चालवलं आणि वरच्या मजल्यावर नागरी हक्कांचे नेते मेडगर एव्हर्स यांचं ऑफिस होतं. डुकराच्या कानाचं सँडविच ही तिथली खासियत. धाडस करणाऱ्यांनी करावं.

16. टिप किती द्यायची? काउंटरवरही द्यायची का?

टेबलावर वाढलं तर करपूर्व बिलाच्या 18 ते 20 टक्के. जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, लुइझियाना या राज्यांत वाढप्याला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी कायद्याने चालतं, बाकी सगळं टिपेवर. "सर्व्हिस साधीच होती" म्हणून दहा टक्के ठेवून निघणाऱ्या आपल्या मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा. मोठा ग्रुप असेल तर टिप बिलातच धरलेली असते, नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल. काउंटरवर सक्ती नाही, एक-दोन डॉलर बरणीत टाकतात.

17. पोहोचलो तर "संपलं" म्हणाले. असं कसं?

आर्कान्सातल्या मारियानामधलं जोन्स बार-बी-क्यू डायनर हे या बाबतीतलं टोक. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे, देशातल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय मालकीच्या हॉटेलांपैकी एक, 2012 चा 'अमेरिकाज क्लासिक्स'. मेनूत रात्रभर लाकडावर शिजवलेलं पोर्क, पांढऱ्या ब्रेडमध्ये किंवा वजनावर. भल्या सकाळी उघडतं आणि मांस संपलं की बंद, अनेकदा दुपारच्या जेवणाची वेळ व्हायच्या आत. 2021 मध्ये आग लागून ते जळालं, पुन्हा उभं राहिलं.

बाकी ठिकाणीही ताजं करतात तेवढंच विकतात. मॅक अँड चीज आणि कॉबलर आधी संपतं. काही खानावळी रविवारी बंद असतात, काहींची रविवारची दुपार आठवड्यातली सगळ्यात गजबजलेली. अकराला पोहोचा.

18. अमेरिकेला नाही, लंडनला चाललोय. तिथे?

पश्चिम आफ्रिकेच्या जेवणासाठी लंडन सध्या फार चांगलं आहे. अडेजोके बकारे यांच्या चिशुरूला आणि अकोकोला, दोघांनाही 2024 मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. बकारे हा मान मिळवणाऱ्या ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. इतका खर्च नको असेल तर पेकहॅम आणि ब्रिक्स्टनला जा. जोलोफ राइस (टोमॅटोतला मसालेभात), सुया (सळईवर भाजलेलं मसालेदार मांस), कॅरिबियन रोटी सगळं मिळतं, रोटीत बटाटा-हरभऱ्याची भाजीही मिळते. तिथल्या बाजारात मेथी आणि कारलीही दिसतील, स्वयंपाकाची सोय असेल तर पिशवी बरोबर ठेवा.